डाव्या हाताची भाकरी

सोलापूर,
२३ नोव्हेंबर

महेश्वरी अक्का,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. सृष्टीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवलास आणि तोही नंबर बंद केलास. म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर वाचून फाड.

तुझ्या दिराशी ठरलेलं लग्न मी मोडलं, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. तुला सासरी काय काय ऐकावं लागलं ते अव्वाकडून कळतं; आईच ती, सांगितल्याशिवाय राहवत नाही. अव्वा बरी आहे. गुडघा धरतो, पण ऐकत नाही, गच्चीवर जाऊन मिरच्या वाळवतेच.

मी आणि सृष्टीनं मिळून मेस काढली, हे तुला कळलं असेल. सृष्टी करमाळ्याकडची, माझ्याबरोबर कॉलेजात होती. तिच्या वडिलांची, महिपतीकाकांची, जुनी बुलेट तिनं मागून आणली. आठवडाभर डबे करायचे आणि रविवारी गाडीला किक मारून निघायचं, असं चाललंय. कुठल्या गावात काय शिजतं ते बघायचं, त्या बाईच्या चुलीशी बसून शिकायचं, जमलं तर व्हिडिओ काढायचा, आणि सोमवारी मेसमध्ये तेच करून वाढायचं. होटगीला एका रेल्वेवाल्याच्या घरी चिंचेच्या कोवळ्या पाल्याची आमटी खाल्ली. तुला आवडली असती.

मैंदर्गीला वीरभद्रप्पा म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत. त्यांच्या शेतावर गड्यांचा स्वयंपाक करणारी एक बाई भेटली, जगदेवी. पुंडीची भाजी करत होती. सृष्टीला पुंडी कळेना, अंबाडी म्हटल्यावर कळली. आपली आज्जी घालायची तशा ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी. आणि भाकरी, अक्का! उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत तिची. डाव्या हातानं थापते. परातीत भाकरी अशी फिरते की बघत राहावं.

"तोंड दावायचं न्हाय बरं का," म्हणाली. "आवाज बी न्हाय. हात काडा पायजे तर."

आम्ही हातच काढले. व्हिडिओ लोकांना फार आवडला, आमचा आजवरचा सगळ्यात जास्त बघितला गेला.

परवा पुन्हा तिकडे गेलो होतो. येताना अक्कलकोटपर्यंत एक पांढरी जीप मागे होती. सृष्टी म्हणाली, रस्ता काय आपल्या दोघींचाच हाय व्हय? खरंच. उगाच लिहिलं.

तुझ्या विजापूरच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एखादी बाई लागते का गं? तू वॉर्डन, तुला ठेवता येते ना आपल्या मर्जीनं? सहज विचारते.

तुझी,
दानू


सोलापूर,
१ डिसेंबर

अक्का,

मागच्या पत्रात मी 'सहज' लिहिलं. सहज नव्हतं. तुला घाबरवून काही मागायचं नव्हतं म्हणून गोड गोड लिहिलं. आता सगळं सांगते.

व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं, या ताई कुठल्या? सृष्टीनं उत्साहानं उत्तर दिलं, मैंदर्गीकडच्या एका शेतावरच्या. तोंड दाखवायचं नाही एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी मला मेसच्या नंबरवर एका माणसाचा फोन आला. कानडीत बोलत होता, अगदी मऊ आवाज. म्हणाला, मी जगदेवीचा भाऊ, घरात लग्न काढलंय, बहिणीला बोलवायचंय, ती तिथंच राहते ना? मी म्हटलं, विचारून सांगते. तर तो म्हणाला, "तिची ती बोटं आता वळतात का हो?"

काळजी असल्यासारखं विचारलं त्यानं. पण अक्का, मी तिथंच फोन ठेवून दिला. त्या फोननंतरच तुला पहिलं पत्र लिहिलं मी.

व्हिडिओ आम्ही काढून टाकला आणि मैंदर्गी गाठली; 'परवा गेलो होतो' लिहिलं ते तेव्हाचंच. जगदेवी चुलीपुढं होती. मी भावाचं सांगितलं. तिनं हातातला गोळा परातीत ठेवला.

"मला भाऊच न्हाय," म्हणाली.

मग थोडं थोडं बोलली. नवऱ्याचं नाव शरणबसव. भीमेपलीकडचं गाव. बोटं त्यानं वरवंट्यानं ठेचली, भाकरी करपली म्हणून. एकदा ती पोलिसांत गेली, तर तिथं नवऱ्याला बोलावलं, दोघांना चहा पाजला आणि त्याच्याच गाडीतून घरी पाठवलं. त्यानंतर जे झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती पळाली. मैंदर्गी हे तिसरं गाव.

सृष्टी तिच्या पाया पडायला गेली. रडत होती. "माझ्यामुळं झालं, जगदेवीताई. मीच गावाचं नाव टाकलं तितं."

जगदेवी म्हणाली, "बाई, ऊठ. माणसं जेवाय येतील." आणि पुन्हा गोळा घेतला. भाकरी दोनदा फाटली.

आम्ही निघताना तिनं मला बाजूला ओढलं. "फोनवर त्येच्यामागं कुणाचा आवाज येत व्हता का? पोरीचा?"

तिला मुलगी आहे, अक्का. श्रीदेवी, लाडानं सिरी, आठ-नऊ वर्षांची. पळाली त्या दिवशी पोरीला घ्यायला ती परत वळली होती, पण सासूनं आतून कडी लावली. मी सांगितलं, कुणाचा आवाज नव्हता. ती मान हलवून आत गेली. चल म्हटलं तर येत नाही. "किती गावं बदलू?" एवढंच.

आणि काल दुपारी तो आमच्या मेसमध्ये आला.

आधी मला कळलंच नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, आपल्या अप्पांच्या दुकानात बसणाऱ्या कुठल्याही माणसासारखा. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. भाकरी, भाजी, शेंगाचटणी मागितली आणि सावकाश, मन लावून जेवला. हात धुऊन माझ्यापाशी आला.

"चांगली आहे भाकरी. आमच्या घरची वेगळी असायची."

तोच आवाज. फोनवरचा. तो हसला, "येतो ताई" म्हणाला आणि दारासमोर लावलेल्या पांढऱ्या जीपमध्ये जाऊन बसला. जीप संध्याकाळपर्यंत हलली नाही. आम्ही शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो, डबे पोचवायला बाहेर पडायची हिंमत झाली नाही. सृष्टी, जी करमाळ्यात भर बाजारात पोरांच्या कानाखाली वाजवायची, ती गॅसच्या टाकीमागं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

अक्का, तिला तुझ्याकडे ठेवून घे. हॉस्टेलला कुंपण आहे, दारावर माणूस आहे, आणि तू आहेस. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव. तिचं यात काहीच नाही. एकदा फोन कर.

दानू


होटगी स्टेशन,
७ डिसेंबर

अक्का,

हे पत्र घेऊन जी उभी आहे तीच जगदेवी. तुझं उत्तर आलं नाही, पण वाट बघायला वेळ राहिला नाही. गाडी यायची आहे, तोवर लिहिते. अक्षराकडे बघू नकोस.

आज सकाळी वीरभद्रप्पांचा फोन आला. जीप गावात शिरली होती. देवळापाशी थांबून दोघं जण शेताचा रस्ता विचारत होते. म्हातारबुवांनी जगदेवीला ज्वारीत पाठवलं आणि स्वतः अंगणात बाज टाकून बसले. मला म्हणाले, "मी बोलत ठेवतो त्यांना. तुमी मागच्या गाडीवाटेनं या. मोठ्या रस्त्यानं येऊ नका."

आम्ही तशाच निघालो. अक्कलकोट ओलांडेपर्यंत सृष्टीनं गाडी अशी हाणली की मला डोळे उघडवत नव्हते. गाडीवाटेला लागलो तेव्हा लक्षात आलं की बुलेटचा आवाज लांबवर जातो. आजवर त्याचा किती तोरा होता आम्हाला! सृष्टीनं इंजिन बंद केलं. मग दोघींनी ती जड गाडी काळ्या मातीतून ढकलत नेली. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी. वाऱ्यानं पानं एकमेकांवर घासत होती आणि प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी चालत येतंय. हाक मारता येत नव्हती. मारली तर कोण ओ देईल, सांगता येत नव्हतं.

जगदेवीच आम्हाला दिसली. ती बांधाच्या खाली इतकी दडून बसली होती की सृष्टीचा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. तिच्या हातात विळा होता. आम्हाला ओळखल्यावरही तिनं तो सोडला नाही, मी एकेक बोट उलगडून काढून घेतला.

"हायेत का गेले?" तिनं विचारलं.

"हायेत," सृष्टी म्हणाली. "बस मदी."

तिघी एका गाडीवर. जगदेवी मध्ये, तिच्या डोक्यावरून माझी ओढणी. ती गाडीवर पहिल्यांदाच बसत होती. वळणावर माझं मनगट घट्ट आवळून धरायची. गाडीवाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथं लांब धूळ दिसली. पांढरं काहीतरी त्या धुळीत होतं. सृष्टीनं विचारलं, "तीच हाय का गं?" मी म्हटलं, "नाही." मला दिसलंच नव्हतं नीट. पण नाही म्हटल्याशिवाय तिनं गाडी पुढे काढली नसती.

आता जगदेवी पाण्याच्या नळाच्या आडोशाला बसली आहे. सृष्टी फाटकाकडे तोंड करून उभी आहे. सोलापूर स्टेशनवर त्यांची माणसं असतील म्हणून इथं आलो. इथून विजापूरची गाडी मिळते, तेवढं मला ठाऊक होतं, तुझ्या लग्नानंतर तुला सोडायला आलो होतो म्हणून.

आम्ही तिच्याबरोबर येत नाही. त्यांना आमची गाडी माहीत आहे. ती सोलापूरच्या रस्त्यावर दिसली तर ते आमच्या मागे येतील, तिच्या मागे नाही.

तिच्याकडून तुझा पत्ता पाठ करून घेतला आहे. तुला तिला ठेवून घ्यायचं नसेल तर दारातून परत पाठवू नकोस, मला कळव. मी येऊन घेऊन जाईन. कुठे, ते माहीत नाही.

सिग्नल पडला.


सोलापूर,
१० डिसेंबर

अक्का,

अनोळखी नंबरवरून निरोप आला, 'पोचली.' एकच शब्द. नंबर कुणाचा ते विचारत नाही. तो निरोप मी सृष्टीला दाखवला आणि आम्ही दोघी मेसच्या फरशीवर बसून रडलो.

पण त्या दिवशीचं पुढचं तुला सांगायला हवं, कारण काय करायचं ते मला कळत नाही.

होटगीहून परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी येत होती. मागे एसटी येऊन थांबली, एक उसाचा ट्रॅक्टर थांबला, आणि त्याच्या शेजारून पांढरी जीप पुढे घुसून आमच्या चाकाला चाक लावून उभी राहिली.

शरणबसव उतरला. तोच शर्ट, तसाच कडक. हात जोडून नमस्कार केला त्यानं. सृष्टीला कानडी येत नाही, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात किल्लीवर होता.

"कुठे सोडलंत तिला?" तो म्हणाला.

"कुणाला?"

त्यानं जीपचं मागचं दार उघडलं. आत एक मुलगी बसली होती. तेल लावून घट्ट दोन वेण्या, शाळेचा गणवेश, हातात मोबाईल. मोबाईलमध्ये आमचा व्हिडिओ चालू होता, फक्त हात, आणि फिरणारी भाकरी.

"तुम्ही काढून टाकलात, पण हिनं आधीच उतरवून घेतला होता," तो म्हणाला. "रोज बघते. मला काय ठाऊक होतं? हिनंच आणून दाखवला. म्हणाली, अप्पा, ही अव्वा. आता तुम्ही तिला सांगा, मी पोरीला घेऊन आलोय. पोरीला बघायचं नाही का म्हणावं आईला?"

म्हणजे जगदेवीला पोरीनं ओळखलं होतं. आनंदानं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "अव्वा कुठाय?" तिनं विचारलं. अगदी हळू.

अक्का, मी काय केलं ते ऐक. मी जीपच्या दाराशी वाकले, तिच्या डोळ्यात बघितलं आणि म्हटलं, "बाळ, ती तुझी अव्वा नव्हे. ती शेतावरची दुसरी बाई आहे. तिला तिची पोरं आहेत. बोटं तिची जन्मापासूनच तशी आहेत."

त्या बापापुढे दुसरं काय बोलणार होते मी? पण ते तोंड मला दिसत होतं. आधी त्यावर काहीच उमटलं नाही. मग तिनं बापाकडे बघितलं, त्याचा हात दाराच्या कडीवर होता तिकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता ही ओरडणार, खोटं बोलते म्हणणार.

तिनं मोबाईल बंद केला.

"होय अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "ही नव्हे. अव्वाच्या हातात हिरव्या बांगड्या असायच्या. मी चुकले."

एसटीतले लोक खिडक्यांतून वाकून बघत होते. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि म्हणाला, "काय झालं हो ताई? काय पायजे ह्यांना?" मालगाडी निघून गेली होती, फाटक वर जात होतं, मागून हॉर्न सुरू झाले. शरणबसवनं त्या सगळ्या तोंडांकडे एकदा बघितलं. मग पोरीकडे.

"चुकलीस होय?" तो म्हणाला. हसतच म्हणाला. दार लावलं आणि जीप वळवून निघून गेला.

त्याला पटलं नाही. पटलं असतं तर तो तसं हसला नसता. ती पोर त्याच्याबरोबर त्या घरात परत गेली आहे. तिला कळलं होतं, अक्का. माझ्या खोट्यात ती माझ्यापेक्षा शहाणपणानं उभी राहिली. आणि तेव्हापासून मी भाकरी थापायला बसले की तो कडीवरचा हात मला दिसतो.

जगदेवीला हे सांगायचं का? सांगितलं तर ती उठून पोरीसाठी परत जाईल. नाही सांगितलं तर पोर एकटी आहे. मला ठरवता येत नाही. तू मोठी आहेस, तू ठरव.

दानू


विजापूर, तुझ्या खोलीतून,
१५ मार्च

अक्का,

तू बेंगळुरूला ट्रेनिंगला गेल्याचं शिपायानं सांगितलं. आमच्या येण्याच्या दिवशीच तुला जायचं होतं का, हे विचारणार नाही. तू परतशील तेव्हा आम्ही निघालेलो असू. हे पत्र तुझ्या उशाखाली ठेवते.

तू तिला माझं पत्र मिळालं त्याच दिवशी सगळं सांगितलंस, हे मला जगदेवीकडूनच कळलं. ती चप्पल घालून दाराशी गेली होती म्हणे, आणि तू दारात आडवी उभी राहिलीस. म्हणालीस, परत गेलीस तर दोघी अडकाल, माझ्याबरोबर वकिलाकडे चल. आणि मग किती खेटे घातलेस तिच्याबरोबर. संरक्षण अधिकारी, कोर्ट, पुन्हा कोर्ट. मला तुझ्याकडून एका शब्दाचं पत्र नाही, आणि तिच्यासाठी एवढं. चांगलं केलंस.

कोर्टानं पोरीचा तात्पुरता ताबा जगदेवीला दिला त्या दिवशी आम्ही साक्षीला होतोच. शरणबसवनं सगळ्यांना नमस्कार केला, न्यायाधीशांनासुद्धा. पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. त्या हाताखाली पोर कशी ताठ झाली होती ते तूही बघितलंस. तू माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली होतीस. बाहेर पडताना तो सृष्टीला मराठीत म्हणाला, "मेस चालू आहे ना? येईन जेवायला." अजून आलेला नाही. पण दाराशी गाडी थांबली की सृष्टी हातातलं टाकून मागच्या बाजूला जाते. आता रविवारी आम्ही निघतो तेव्हा कुठे जाणार ते कुणालाच सांगत नाही, आणि कुणाचेही हात काढत नाही.

आज दुपारचं तुला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.

हॉस्टेलच्या मुली शाळेत होत्या. स्वयंपाकघर रिकामं होतं. जगदेवीनं आम्हाला जेवायला बसवलं, पोरीला माझ्याशेजारी. पोर माझ्याशी बोलत नव्हती, पण सरकून बसलीही नव्हती. वाढून झालं आणि फाटकावर जीपचा हॉर्न वाजला.

आम्ही सगळ्या जिथल्या तिथे थांबलो. सृष्टीचा घास हातात राहिला. पोर ताटावरून उठली, कशी उठली तेही कळलं नाही, आणि कोपऱ्यात जगदेवीची खाट आहे तिच्याखाली गेली. अगदी भिंतीपर्यंत. आवाज नाही, काही नाही. किती वेळा गेली असेल ती अशी, त्या घरात.

शिपाई येऊन म्हणाला, किराणा आलाय, पोती कुठं उतरवू?

मी वाकून म्हटलं, "सिरी, ये बाळ, किराण्याची गाडी आहे." ती हलली नाही. सृष्टीनं हात पुढे केला तर आणखी आत सरकली. मला वाटलं, आता जगदेवी तिला ओढून काढेल, समजावेल, घाबरायचं न्हाय म्हणेल.

जगदेवीनं स्वयंपाकघराचं दार लावलं. मुलीचं ताट उचललं, त्यावर एक गरम भाकरी टाकली आणि स्वतः पोटावर सरपटत खाटेखाली गेली. पहिल्यांदा तिचे पाय बाहेर दिसत होते, मग तेही आत ओढून घेतले. खाट एकदा करकरली. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, आणि पोरीचा. कानडीत.

"अव्वा, तिखट आहे."

"पाणी देऊ?"

"नको. इथंच बस."

"बसले की," जगदेवी म्हणाली.

सृष्टीनं आणि मी आमची ताटं उचलली आणि खाटेला टेकून खाली फरशीवर बसलो. तिथंच जेवलो. बाहेर पोती उतरवत होते.

दानू